टुमासीच्या कॅमेऱ्याची सोयरीक

टुमासी फोटोवाला आणि मी, आम्हा दोघांचंही पोट शनिवारवर. आमच्या एफिदुआसेत माणूस मरतो कुठल्याही वारी, पण त्याची मयत व्हायची ती शनिवारीच. माझं शवपेट्यांचं दुकान आणि टुमासीचा स्टुडिओ यांच्यात एकच भिंत, तीही पत्र्याची. मी इकडं रंधा मारला की तो तिकडं शिंकतो. तीस वर्षं शिंकतोय आणि तीस वर्षं म्हणतोय, "सुतारा, एक दिवस तुझ्या भुशानंच मरणार मी."

"मर की," मी म्हणतो. "पेटी शेजारीच आहे."

टुमासी अंगानं ताडासारखा उंच आणि मानेत वाकलेला. रस्त्यानं चालला तरी कुणाच्या खिडकीतून आत डोकावल्यासारखा चालतो. मयतीत मात्र त्याचा थाट बघावा. काळ्या-तांबड्या वस्त्रांतली अख्खी भावकी तो एका बोटावर हलवतो. "रडणं थांबवा. मागच्या बाई, हनुवटी वर. हं. आता रडा." आणि लोक रडतात. खुद्द मयतालाही तो सोडत नाही. पलंगावर सजवून निजवलेल्या म्हाताऱ्याला अदबीनं म्हणेल, "नाना, जरा उजवीकडं." मग थोडा वेळ थांबेल. मग म्हणेल, "असू द्या, मीच सरकतो."

पण साऱ्या गावाच्या मयतींचे फोटो काढणाऱ्या ह्या माणसापाशी स्वतःच्या आईचा एकही फोटो नव्हता.

तो काम शिकत होता तेव्हाची गोष्ट. कॅमेरे अजून रिळांचे होते. उस्तादाचा कॅमेरा मागून आणून त्यानं आईला अंगणात बसवलं. आईचं नाव पोमा. बसलेली, उभी, कोंबडी घेऊन, रेडिओ घेऊन, असे छत्तीस फोटो काढले. दुसऱ्या दिवशी कॅमेरा उघडला तर रीळ दात्याला अडकलंच नव्हतं. जागच्या जागी गुंडाळलेलं. छत्तीस वेळा खटका वाजला तो नुसता वाऱ्यावर. "पुढच्या महिन्यात परत काढू," तो म्हणाला. पोमा पुढच्याच आठवड्यात गेली.

पोस्टरशिवाय मयत कशी करणार? भिंतीवर, खांबावर, न्हाव्याच्या दारावर मेलेल्याचा चेहरा लागल्याशिवाय आमच्यात कुणी मेलाय यावर कुणाचा विश्वास बसत नाही. घरच्यांनी बैठक घेतली. पोमाची धाकटी बहीण सेरवा हुबेहूब तिच्यासारखी, नाक तेच, पुढच्या दातांतली फट तीच. तिच्या कांदेवाल्या बायकांच्या संघाचं ओळखपत्र होतं, त्यावरचा फोटो उचलला आणि पोमाच्या पोस्टरवर लावला. त्या शनिवारी अख्खं गाव सेरवाचं तोंड बघून पोमासाठी रडलं, आणि सेरवा स्वतः पोस्टरच्या खाली पहिल्या रांगेत बसली होती. दोन पाहुणे तिला बघून आल्या पावली पळाले. एकानं तिचाच हात हातात घेऊन तिच्याच जाण्याबद्दल तिचं सांत्वन केलं. ती म्हणाली, "देवाची मर्जी."

आमच्यात आईची बहीण म्हणजे आईच, तिला वेगळा शब्द आम्ही ठेवलेला नाही. टुमासी सेरवाला एनो म्हणतो, म्हणजे आई, आणि त्याचं ऐकून सगळं गाव म्हणतं. मयत झाल्यावर एनोनं त्याला समोर बसवून सांगितलं, "आरं, माझं तोंड एकदा मरून झालं. दुसऱ्यांदा मरीन ती माझ्या सोताच्या फोटूत. तू माझा चेहरा उसना नेलास, तूच परत आणायचा."

आता लगेच काढायचा ना? तर नाही. दर दोन-चार वर्षांनी टुमासी विचारायचा, आणि एनो आरशात बघून म्हणायची, "अजून पिकला न्हाई." अशी ती एक्याण्णव वर्षांची झाली. पेटी माझ्याकडून तिनं कधीच करवून घेतली होती. महिन्याला येऊन ती बघून जायची, त्यात कांदे चांगले टिकतात म्हणून कांदेही ठेवायची. आणि यंदा एके दिवशी तिनं निरोप धाडला की चेहरा पिकला. दर सहा आठवड्यांनी अक्वासिडेचा रविवार येतो, जुनी माणसं ठेवणीतलं नेसून मुख्याच्या वाड्यापुढं जातात. येत्या अक्वासिडेला ती नेसेल, सोनं घालेल, आणि वाड्यावर जाण्याआधी टुमासीनं फोटो काढावा. निरोपाला शेपूट होतं. "तुझ्यानं झालं न्हाई तर प्रिन्सला सांगीन. मरायचं तर हायेच."

प्रिन्स म्हणजे बाजारातला फोनवाला. त्याच्या फोनमध्ये अशी काही करामत होती की कुणाचाही फोटो काढा, माणूस तिशीतला आणि लोण्यासारखा येणार. मागच्या महिन्यात चौऱ्याऐंशी वर्षांचा एक म्हातारा वारला, त्याचं पोस्टर प्रिन्सनं केलं. म्हाताऱ्याची बायको पोस्टरपुढं काठी टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "कुणाचं पोरगं गेलं गं? ह्याच्या आईला भेटून येते."

टुमासीचा कॅमेरा डिजिटल, पण म्हातारा. चौदा वर्षांपूर्वी हॅम्बुर्गहून सुटीवर आलेल्या चुलतभावानं दिलेला. बरोबर एक जाडजूड माहितीपुस्तक होतं, सगळं जर्मनमध्ये. टुमासीनं ते एका टेबलाच्या पायाखाली घातलं. कॅमेऱ्याच्या पोटात बिस्किटाच्या तुकड्याएवढं कार्ड असतं आणि फोटो त्यात जातात, एवढंच त्याला ठाऊक. त्या कार्डावर काय लिहिलंय हे त्यानं चौदा वर्षांत वाचलं नव्हतं. शनिवारी फोटो काढायचे, कार्ड खिशात घालून छापायला न्यायचं, परत आणून खाचेत सरकवायचं. चालत होतं.

अक्वासिडेला तीन आठवडे होते तेव्हा त्याची बायको अमा परसात फुफू कुटत होती. उकडलेला कसावा आणि केळी उखळात, मुसळ वर-खाली. टुमासी छापखान्यातून भुकेला आला, कार्ड सदऱ्याच्या खिशात. "सूप झालं का?" म्हणून तो उखळावर वाकला.

तीन घाव पडल्यावर अमा थांबली. "काहीतरी हाडकासारखं लागतंय."

"फुफूत कसलं हाडूक?" टुमासी म्हणाला, आणि खिसा चाचपला.

चार तुकडे सापडले. बाकीचे फुफूतच राहिले. तेवढं कुटलेलं फुफू टाकवेना, म्हणून ते त्यानं सावकाश, बोटांनी चाचपत खाल्लं. कार्डात आदल्या शनिवारची शाळामास्तरांची मयत होती. नंतर दोन दिवस त्याला उचक्या लागल्या, तेव्हा मी पत्र्याच्या पलीकडून विचारलं, "मास्तर हजेरी घेतात काय रं?"

उचक्या थांबल्यावर तो कुमासीला गेला. तिथं मोठ्या बाजाराच्या तोंडाशी 'धीर धरा इलेक्ट्रॉनिक्स' नावाचं दुकान, मालक बाफूर. टुमासीचा हिशेब सरळ होता: एनोचा चेहरा ठेवायचा तर मोठ्यात मोठ्या कार्डात. मानाच्या पाहुणीला कुणी खोपटात उतरवतं का? बाफूरनं चौसष्ट जीबीचं कार्ड दिलं. घरी येऊन कॅमेऱ्यात घातलं. कॅमेऱ्यानं पडद्यावर लिहिलं, 'कार्ड एरर'.

"लहान पडलं असेल," टुमासी म्हणाला. दुसऱ्या दिवशी एकशे अठ्ठावीसवालं आणलं, सोनेरी. 'कार्ड एरर', आणि वर कॅमेरा गोठून बसला, बॅटऱ्या उपसून काढाव्या लागल्या. तिसऱ्या खेपेला बाफूरनं नखाएवढं बत्तीसचं कार्ड दिलं, ते एका मोठ्या खोक्यात सरकवायचं, बाळ आईच्या पाठीशी बांधल्यासारखं. कॅमेरा त्या दोघांनाही तेच म्हणाला.

बाफूर कंटाळून बोलला, "साहेब, कॅमेरा म्हातारा झालाय. फोन घ्या."

"माझी आई त्याच्याहून म्हातारी आहे," टुमासी म्हणाला. "तिच्या जागी काय घेऊ?"

मग जे सुचेल ते त्यानं केलं. खाचेत फुंकर घातली. खाच दारूनं पुसली. कार्ड उलटं घालून पाहिलं, ते अडकलं, अमानं भुवयांच्या चिमट्यानं ओढून काढलं. रविवारी कॅमेरा चर्चमध्ये नेला. पाळकांनी त्यावर हात ठेवून एररच्या आत्म्याला बाहेर निघायला फर्मावलं. भिंग करकरत बाहेर आलं, सगळ्यांनी आमेन म्हटलं, तसं ते परत आत गेलं.

दोन शनिवार बुडाले. दोन्ही मयतींचे फोटो प्रिन्सनं काढले आणि दोन्ही पोस्टरांवरची माणसं अशी तरणीताठी की गावात साथ आली की काय अशी अफवा उठली. अक्वासिडेच्या आधीच्या गुरुवारी टुमासी माझ्या दुकानात येऊन एका पेटीच्या झाकणावर बसला. शिंकलासुद्धा नाही.

"सुतारा," तो म्हणाला, "छत्तीस वेळा खटका वाजला होता."

"ते जुनं झालं."

"आईचा गेलाच. आता एनोचाही जाणार. प्रिन्स तिला पंचविशीची करून भिंतीवर लावील, आणि मी खाली बसून कुणा परक्या पोरीसाठी रडीन. माझ्या दोन्ही आया दुसऱ्याच कुणाच्या तरी तोंडानं जाणार."

तेवढ्यात एनो कांदे न्यायला आली. आपल्या पेटीचं झाकण उघडून हातानं कांदे चाचपता चाचपता तिनं विचारलं, "काय मेल्यागत बसलाय ह्यो?"

"कार्ड घालतो, तर कॅमेरा नको म्हणतो," टुमासी म्हणाला.

"कुठल्या घरचं कार्ड?"

"दुकानातलं."

"दुकान म्हंजे काय घराणं हाय व्हय? बाजारात दिसली, आवडली, उचलली नि घरात कोंडली. चौकशी केलीस? दार वाजवलंस? मागणीची बाटली नेलीस? मला कुणी असं आणलं असतं तर म्या बी एरर म्हटलं असतं."

"एनो, ते यंत्र आहे."

"यंत्र हाय म्हून त्याला नको म्हणता येत न्हाई असं कुणी सांगितलं? पंधरा दिस तर म्हणतंय."

एनो झाकण लावून म्हणाली, "उद्या जाऊ. सुतारा, बोलणी तू करायची." मयतीत कुणाकुणाच्या घरच्यांच्या वतीनं मी बोलतो, जीभ बरी आहे. लग्नाचं कधी बोललो नव्हतो, पण शब्द बरेचसे तेच असतात.

शुक्रवारी सकाळी आम्ही तिघं प्रवासी गाडीत बसलो. एनोच्या मांडीवर पांढऱ्या कापडात गुंडाळलेला कॅमेरा, माझ्या पिशवीत श्नॅप्स दारूची चौकोनी बाटली, टुमासीच्या खिशात ती तीन नाकारलेली कार्डं आणि रुमालात बांधलेले चार तुकडे. ते त्यानं टाकले नव्हते. "मास्तरांचं त्यात काही उरलं असलं तर," असं तो म्हणायचा.

टुमासीला बघताच बाफूर म्हणाला, "साहेब, परत घेत नाही." मी बाटली त्याच्या काउंटरवर टेकवली आणि अदबीनं अंगावरचं वस्त्र डाव्या खांद्यावरून खाली घेतलं.

बाफूर शहरातला, फोन विकणारा, पण शेवटी आमच्याच आशांटी जमातीचा. बाटली टेकली आणि समोरच्यानं खांदा उघडा केला की आमच्या माणसाला थट्टा सुचत नाही. त्यातून असल्या बोलण्यात यजमानानं थेट तोंड उघडायचं नसतं, मध्ये बोलणारं माणूस लागतं. त्यानं इकडं तिकडं बघितलं आणि शेजारच्या चादरीवाल्या मादाम कोनाडूंना हाक मारली. त्या भाजलेलं कणीस खात होत्या. सहा भाच्यांची लग्नं लावलेली बाई. अर्धं कणीस चादरींच्या ढिगावर ठेवून, हात पुसून आल्या आणि विचारलं, "पाहुणे कशासाठी आले?"

"एफिदुआसेहून आलो," मी सुरू केलं. "वाटेत सगळं ठीक होतं. आमच्या घरात एक मुलगा आहे. वय झालंय, पण नजर साफ आहे. त्याची बायको वारली."

"कशानं?"

"उखळात पडली."

मादामांनी बाफूरकडं पाहिलं. मग माझ्याकडं. "कुणी ढकलली?"

"कुणी नाही. सासरा सूप झालं का बघायला वाकला, त्याच्या खिशातून पडली."

तोवर एनोनं कापड सोडून कॅमेरा काउंटरवर ठेवला होता. मादामांनी तो बघितला, टुमासीकडं बघितलं आणि एखाद्या हुशार बाईला कळावं तसं सगळं त्यांना कळलं. त्या हसल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या. "पुढं बोला."

"तुमच्या घरच्या तीन मुली आमच्या माणसानं न विचारता नेल्या. तिन्ही नांदल्या नाहीत. चूक आमची. जशा नेल्या तशा परत आणल्यात."

टुमासीनं तिन्ही कार्डं ओळीनं मांडली. एनोनं बाटली उघडून उंबऱ्यावर चार थेंब सांडले, आपल्या आणि त्यांच्या पूर्वजांना प्यायला बोलावलं आणि मग त्या सोनेरी कार्डावर बोट ठेवलं. "ह्या थोरलीचं खरं सांगा. वेड, फेफरं, चोरी, काय हाय घराण्यात?"

बाफूरनं ते कार्ड हळूच पालथं घातलं. पूर्वज येऊन बसलेले असताना खोटं कोण बोलणार? तो मादामांच्या कानाशी लागला. मादामांनी ऐकलं, डोळे मिटले आणि मोठ्यानं सांगितलं, "मुलीचे वडील म्हणतात, अंगावर एकशे अठ्ठावीस लिहिलंय, पण आत आठच आहेत. मुलगी उंच दिसते ती टाचांमुळं."

"आणि मधली?"

पुन्हा कानगोष्ट. "तीही टाचांवरच आहे."

"धाकटी?"

"धाकटी खरी आहे. तिच्याबद्दल ते शपथ घेतील."

"मग ती का नांदली न्हाई?"

हे बाफूरला सांगता येईना. मादाम पुढं सरसावल्या. "आता आम्ही विचारतो. मुलाची पहिली बायको कुठल्या घरची होती?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. बाफूरनं विचारला नव्हता, मी नाही, पाळकांनी नाही. टुमासीनं रुमाल सोडला. वाळलेल्या फुफूसकट चार तुकडे. बाफूरनं ते घासून, भिंग लावून, चिमट्यानं एकमेकांशेजारी मांडले. एका तुकड्यावर एकचा आकडा. दुसऱ्यावर 'जीबी'. मध्ये फट.

"मधला आकडा गेलाय," बाफूर मादामांना विसरून थेट बोलला. "सोळा असेल. किंवा एकशे अठ्ठावीस."

टुमासीनं पोटावर हात ठेवला. "तो मी खाल्ला."

"सरक," एनो म्हणाली. तिला अक्षर वाचता येत नाही, पण पन्नास वर्षं तिनं कांद्याच्या मापातली खोट पकडली आहे. तिनं करंगळीचं नख फटीत धरलं, मग तेच नख एकच्या आकड्यावर धरलं. "ह्या फटीत दुसरा आकडा बसतो व्हय? फट कुटल्यामुळं पडलीया. दोन्ही कडा जोड की."

बाफूरनं कडा जोडल्या. त्या चपखल बसल्या.

"एक," तो म्हणाला. "एक जीबी." आणि स्टुलावर बसला. मग डोक्याला हात लावून शहाण्यासारखा बोलू लागला. "आजी, ह्या जुन्या कॅमेऱ्यांना दोनपर्यंतच झेपतं. दोनच्या वरची कार्डं वेगळ्या रीतीनं मांडलेली असतात. दिसायला तशीच, खाचेतही बसतात, पण त्यातलं ह्याला वाचता येत नाही. म्हणून बत्तीसवाली खरी असूनही चालली नाही. कॅमेरा कुठल्या सालचा, हे मी आधी विचारायला हवं होतं."

"विचारायला हवं व्हतं," एनो म्हणाली. "म्या काल दुसरं काय बोलत व्हते?"

"पण एक-दोनची कार्डं आता कुणी ठेवत नाही. सगळा बाजार पालथा घाला, मिळणार नाही."

टुमासीनं तुकडे परत रुमालात गुंडाळायला घेतले. मादाम कोनाडू मात्र दुकानाच्या दर्शनी काचेकडं बघत होत्या. तिथं एक चौकट ठेवलेली, तिच्यात आपोआप चित्रं बदलायची. बर्फाचा डोंगर, मग तळं, मग घंटा बांधलेली गाय, मग पिवळ्या फुलांचं रान, मग परत डोंगर. बारा वर्षं तीच.

"आणि ती?" मादामांनी विचारलं.

बाफूरचा चेहरा पडला. "ती नाही."

"का? किती जीबीची आहे?"

"दोन. पण ती विकायची नाही. दुकान उघडलं त्या दिवशी लावली. गिऱ्हाईक नसलं की मी बघत बसतो. गाईनंतर फुलं येतात हे मला झोपेतसुद्धा कळतं."

"विकत कोन मागतंय?" एनो म्हणाली. "सोयरीक मागतोय. आणि सोयरीक घरातल्याच मुलीची करत्यात, दारात विकायला मांडलेल्या चपलेची न्हाई."

बाफूरनं सदऱ्याच्या बाहीनं चौकट पुसली. मग मादामांच्या कानात बोलला. मादाम म्हणाल्या, "मुलीचे वडील विचारतात, तिकडं नेऊन तिच्या आठवणी पुसणार का? डोंगर, गाय वगैरे?"

"आमच्यात लगीन झालं तरी मुलगी आपल्या आईच्याच घराण्याची ऱ्हाते," एनो म्हणाली. "तुमच्यात येगळं हाय का? ठेवा गाय."

बाफूरनं चौकटीची मागची फट उघडून कार्ड काढलं. डोंगर होता तो काळा झाला. आता कॅमेऱ्यात घालायचं, पण मादामांनी हात आडवा धरला. बाटली स्वीकारायची का हे मुलीला तीनदा विचारायचं असतं, ते विचारल्याशिवाय त्या सोडतील कशा? दुकानाबाहेर विसेक माणसं जमली होती.

"मुली," मादाम म्हणाल्या, "ही बाटली आम्ही घेऊ का?"

टुमासीनं कार्ड सरकवून कळ दाबली. पडद्यावर आलं, 'कार्ड लॉक्ड'.

"बघा, आतून कडी लावलीय," बाहेरचा एक जण म्हणाला. खरंच लावलेली होती. कार्डाच्या कडेला इवलीशी सरकती कडी असते, ती खाली होती. बाफूरनं नखानं ती वर केली.

दुसऱ्यांदा विचारलं. भिंग अर्धवट बाहेर येऊन थांबलं आणि पडदा विझला. इतका वेळ कॅमेरा हाताळून बॅटऱ्या संपल्या होत्या.

"आता मुलगाच लाजला," मादाम म्हणाल्या. बाफूरनं फळीवरच्या दोन नव्या बॅटऱ्या फोडल्या.

तिसऱ्यांदा विचारलं. भिंग पूर्ण बाहेर आलं. पडद्यावर दुकानाबाहेरची विसेक तोंडं दिसली आणि कोपऱ्यात आकडा, सहाशे अकरा. एवढे फोटो मावणार होते. बाहेर टाळ्या पडल्या. टुमासीनं टाळी वाजवली नाही. त्यानं झाकण उघडून कार्ड आत आहे ना ते बघितलं, लावलं, परत उघडून बघितलं. मग मादामांचा आणि बाफूरचा एक फोटो काढून तो पडद्यावर दिसतोय याची खात्री केली.

रविवारी एनो अंगणात स्टुलावर बसली. पिवळ्या-हिरव्या विणीचं केंटे वस्त्र, गळ्यात सोनं, त्यातलं निम्मं उसनं. बाफूर चादरीवाल्या मादामांना घेऊन आला होता, मुलीकडची माणसं म्हणून त्यांना पुढं खुर्च्या दिल्या. प्रिन्सही फोन घेऊन आंब्याखाली उभा होता, न जाणो म्हणून. टुमासीनं मोजून छत्तीस फोटो काढले. बसलेली, उभी, कोंबडी घेऊन. रेडिओ आता कुणाकडं नव्हता, तर प्रिन्सचा फोन हातात दिला.

"दाव," एनो म्हणाली.

तो कळ दाबत गेला. डोंगर, तळं, गाय, फुलं, मादाम आणि बाफूर, मग एनो. ती पडद्यावर वाकली. बघितलं. लांब धरून बघितलं.

"ही म्या न्हाई."

"एनो, तूच आहेस. कोंबडीसुद्धा तीच."

"ही पोमा हाय."

टुमासी म्हणाला, "काय बोलतेस," आणि कॅमेरा डोळ्यांशी नेला. मी त्याच्या खांद्यावरून बघितलं. मी पोमाला ओळखत होतो. लहानपणी तिच्या हातचं पुष्कळ खाल्लंय. हसताना मान जराशी कलती करायची तिची खोड होती, एनोची नव्हे. पडद्यावरच्या बाईची मान कलती होती. पोमा जगली असती तर अशीच दिसली असती. टुमासीनं पुढचा बघितला, त्याच्या पुढचा बघितला. छत्तीसच्या छत्तीस. मग तो जिथं उभा होता तिथंच मातीत खाली बसला.

"आले न्हवं तुझे छत्तीस?" एनो म्हणाली. "उशीर झाला, पन आले. तवा माझं तोंड तिला दिलंस, आता तिनं परत केलं, तिचं मला देऊन. लाव आता तिचं पोस्टर, नीट."

"आणि तुझा फोटो?"

"माझा कुठं निघाला? ऱ्हायलाच की तो. फुडच्या अक्वासिडेला ये."

पोमाचं पोस्टर दुसऱ्याच आठवड्यात लागलं, एकतीस वर्षं उशिरा. पुन्हा लोक एनोच्या दारात सांत्वनाला आले आणि पुन्हा ती म्हणाली, "देवाची मर्जी." टुमासीनं एक प्रत पत्र्याच्या भिंतीवर लावली, त्याच्या बाजूला. एक माझ्या बाजूला लावली, मला न विचारता.

तेव्हापासून नऊ अक्वासिडे झाले. दर वेळी एनो नेसते, बसते, टुमासी मोजून छत्तीस फोटो काढतो, आणि फोटोत तिला दुसरंच कुणीतरी दिसतं. कधी तिची आत्या, कधी मादाम कोनाडू, एकदा तर बाफूर. फोटो नाही तर पोस्टर नाही, पोस्टर नाही तर मयत नाही, म्हणून ती जिवंतच आहे. तिच्या पेटीत सध्या लसूण आहे. शनिवारच्या मयती टुमासी छापून झाल्या की पुसून टाकतो; एनोचे पुसत नाही, गायही तशीच आहे. फोटो नापसंत करून झाला की एनो उठता उठता विचारते, "जागा किती उरलीया त्यात?"

तो आकडा सांगतो. मागच्या खेपेला दोनशे पन्नास होता.

"पुष्कळ हाय," ती म्हणते, आणि वाड्याकडं निघते.